उलाळ झालेली गाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा झोंबली, दुसऱ्यांदा बरीचशी पटली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पाइनवूड डर्बी म्हणजे अमेरिकेतल्या कब स्काउट मुलांची, पाइनच्या ठोकळ्यातून कोरलेल्या छोट्या गाड्यांची उतारावरची शर्यत. माझा लेख वाचून यांनी मुलीच्या गाडीचा तोल, म्हणजे टेकू दिल्यावर गाडी जिथे समतोल राहते ती जागा, मागच्या चाकांच्या पुढे पाऊण इंचावर आणला. पॅकच्या, म्हणजे स्काउटांच्या स्थानिक गटाच्या, अ‍ॅल्युमिनियम ट्रॅकवर गाडी पहिली आली. पुढे डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक पॅक मिळून होणाऱ्या, शर्यतीला जुना लाकडी ट्रॅक होता. तिथे तीच गाडी उताराच्या पायथ्याशी उडाली आणि शेजारच्या लेनमध्ये जाऊन पडली. ‘तुमचं गणित कागदावरचं आहे, वजन मधोमधच हवं, आणि शेवटी हा सगळा बापांचा खेळ आहे,’ असं तुमचं म्हणणं.

चूक माझीच. पाऊण इंच लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा ४२ फुटी अ‍ॅल्युमिनियम ट्रॅक होता. गुळगुळीत, सांधे हाताला जेमतेम लागणारे, उतार सपाटीला मिळतो तिथे ऐसपैस वळण. हा आकडा त्या ट्रॅकचा आहे हे सांगायला हवं होतं, ते राहिलं.

पण म्हणून वजन मधोमध? नाही हो. गाडी उतारावर उभी असते तेव्हा तिची शेपटी वर असते. वजन जितकं मागे, तितकं ते जमिनीपासून उंच आणि तितकं जास्त खाली येणार. ढोबळ हिशेब असा: चार फूट उंची, ३० अंशांचा उतार, खाली २८ फूट सपाट. इथे तोल एक इंच मागे नेला की वजन अर्धा इंच उंचावरून सुटतं. चार फुटांत अर्धा इंच म्हणजे एक टक्का, वेगात त्याचा निम्मा. शेवटच्या रेषेवर चार-साडेचार सेंटीमीटरची आघाडी मिळते. डर्बीत यापेक्षा कमी फरकाने नंबर जातात. तुमच्या मुलीची गाडी पॅकमध्ये पहिली आली त्यात या सेंटीमीटरांचा हात असणार.

आता लाकडी ट्रॅक. हे बहुतेक ३२ फुटांच्या आसपासचे, प्लायवूडचे तुकडे बोल्टने जोडलेले. दरवर्षी कुणाच्या तरी गराजमध्ये ओल खाऊन तुकडे थोडे वाकतात आणि सांध्यावर बारीकशी पायरी तयार होते. त्यात उतार सपाटीला मिळतो ते वळणही आखूड. खरी भानगड तिथेच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत सव्वाचार इंचांहून किंचित जास्त अंतर असतं. तोल मागच्या चाकांपासून पाऊण इंचावर असला तर पाच औंसांच्या, म्हणजे जवळजवळ १४२ ग्रॅमच्या, गाडीतले जेमतेम २४ ग्रॅम पुढच्या चाकांवर येतात. एक पुढचं चाक अधांतरी ठेवलं असेल, आणि तेही मीच सुचवलं होतं, तर ते २४ ग्रॅम एकाच चाकावर. लेनची मधली पट्टी पाव इंच उंच. सांध्याला चाक आपटलं की तेवढं ओलांडायला कितीसा वेळ लागतो?

आमचे आजोबा याला एका शब्दात निकालात काढायचे: गाडी उलाळ झाली. बैलगाडीत मागे माल जास्त भरला की जू वर उचलतं, तसंच. आमच्या बेसमेंटमध्ये पाइनचा ठोकळा तासताना हा शब्द आठवायला मला तीन वर्षं लागली.

लाकडी ट्रॅकवर मी तोल सव्वा इंचावर आणतो. पुढच्या चाकांवर मग ४० ग्रॅम येतात. सपाट भाग १६ फुटांचा धरला तर या अर्ध्या इंचापायी जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर गमवावा लागतो. गाडी लेनमध्ये राहिली तर मला तो सौदा कधीही मान्य आहे. त्यासाठी गाडी नव्याने करायला नको. गाडीत वजनासाठी घातलेलं २८ ग्रॅम टंगस्टन अडीच इंच पुढे सरकवलं की तोल अर्धा इंच पुढे येतो. मी आता सुरुवातीलाच पुढच्या बाजूला दोन रिकामी भोकं पाडून ठेवतो. फक्त शर्यतींच्या मध्ये गाडीला हात लावायला परवानगी आहे ना, ते आधी विचारा. काही ठिकाणी गाडी ताब्यातच ठेवतात.

पुढचा खिळा (ज्यावर चाक फिरतं तो) किंचित वाकवून गाडी पट्टीला घासत नेण्याची युक्ती तुम्ही केली असेल तर ती आदल्या रात्री बदलू नका. मी बदलली होती. पुढचं सांगत नाही.

आणखी एक, वजनाशी संबंध नसलेलं. नवा ट्रॅक दिसला की आधी सुरुवातीला गाडी अडवून धरणारी खुंटी बघा. माझ्या मुलाच्या गाडीचं नाक आम्ही हौसेने खाचेचं कापलं होतं. आमच्या ट्रॅकवर ते छान बसायचं. दुसरीकडे खुंटी जाड निघाली, खाचेत अडकली, आणि बाकीच्या गाड्या निघून गेल्यावर आमची निघाली.

राहता राहिला बापांचा खेळ. हा आरोप मला नाकारता येत नाही. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचच्या पॅक २८०सीमध्ये डॉन मर्फी यांनी हा प्रकार सुरू केला तोच मुळी त्यांचा दहा वर्षांचा मुलगा सोपबॉक्स डर्बीच्या (मुलं स्वतः बसून उतारावरून चालवतात त्या गाड्यांच्या शर्यतीच्या) वयात बसत नव्हता म्हणून. म्हणजे बाप पहिल्या दिवसापासून आहेच. पण ड्रिल आपल्या हातात असलं तरी तोल बघायचं काम तिला द्या. फूटपट्टी उभ्या कडेवर धरायची, गाडी वर आडवी ठेवायची आणि ती ज्या जागी डुलत थांबते तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. माझा मुलगा हे सात वर्षांचा असताना करायचा, आणि माझी रेघ चुकली की मोठ्याने सांगायचा.

तुमची गाडी पडली तेव्हा कोणत्या बाजूवर आपटली हे तुम्ही लिहिलेलं नाही. वजन हलवण्याआधी पुढची दोन्ही चाकं बोटाने फिरवून बघा. एखादं लवकर थांबत असेल तर आधी तो खिळा बदला, ग्राफाइटची वंगण-पूड नंतर.