‘हो, केला की कोर्स!’

२००९ सालची गोष्ट. अंगावरून जात होतं, खाज होती. डॉक्टरबाईंनी क्लोट्रिमाझोलच्या सहा गोळ्या लिहून दिल्या. आत ठेवायच्या, रोज रात्री झोपताना एक. आम्ही तेव्हा पेठेतल्या वाड्यात राहायचो. बाहेरच्या खोलीत सासू-सासरे, आतल्या खोलीत आम्ही दोघं आणि मधे चार वर्षांची लेक. संडास मागच्या अंगणात, चार बिऱ्हाडांत एक. आता ‘झोपताना’ म्हणजे नेमकं कधी, ते तुम्हीच सांगा. तीन गोळ्या कशाबशा ठेवल्या, उरलेल्या तीन वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. आठवड्याने डॉक्टरबाईंनी विचारलं, “कोर्स पूर्ण केलात ना?” मी म्हटलं, “हो, केला की.”

मी आरोग्याच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते. परवा एक मजकूर हाताशी होता, बायकांनी योनीत वापरायच्या एचआयव्ही-प्रतिबंधक औषधांबद्दलचा. या औषधांना मायक्रोबिसाइड म्हणतात. त्यात ‘व्हॉइस’ या चाचणीची हकीकत वाचली आणि त्या तीन गोळ्या आठवल्या.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ बायका त्यात होत्या, सुरुवात २००९ सालचीच. काहींना रोज लावायचं टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाचं जेल, काहींना रोजच्या गोळ्या. विचारलं की बायका सांगायच्या, साधारण ९० टक्के डोस घेतले. न वापरलेलं किती परत आलं ते मोजलं, तरी हिशेब जवळपास तसाच. पुढे रक्त तपासलं, तर जेलवाल्या गटातल्या जेमतेम पाव नमुन्यांत औषध सापडलं. जेलचा उपयोग दिसत नाही म्हणून तो भाग २०११ मध्ये थांबवावा लागला.

यावर सोपी प्रतिक्रिया काय, तर बायका खोटं बोलल्या. बोलल्याच. मीही बोलले होते. पण इतक्या जणी एकाच गोष्टीबद्दल खोटं बोलतात तेव्हा खोट त्या वस्तूत शोधावी, असं माझं मत आहे. नंतर त्याच बायकांशी मोकळेपणाने बोलल्यावर कळलं की दुष्परिणामांची भीती होती, नवऱ्याची किंवा मित्राची कटकट होती, गोळ्यांची डबी दिसली तर हिलाच एचआयव्ही आहे म्हणतील ही धास्ती होती. यातलं काय प्रयोगशाळेत कळणार होतं?

याच जेलने त्याआधी आशा दाखवली होती. क्वारैशा आणि सलीम अब्दुल करीम या संशोधकांच्या ‘काप्रिसा ००४’ चाचणीत, दक्षिण आफ्रिकेतल्या ८८९ बायकांमध्ये, लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली. तिथे जेल रोज नव्हतं. संबंधाआधी एकदा, नंतर एकदा, एवढंच. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या एड्स परिषदेत हे जाहीर झालं तेव्हा मोठा जल्लोष झाला. मग तीच पद्धत दोन हजारांवर बायकांमध्ये पुन्हा तपासली आणि २०१५ मध्ये उत्तर आलं, उपयोग शून्य. त्यातल्या बहुतेक मुली तरुण, अविवाहित, आईबापांच्या घरी राहणाऱ्या. संबंध घरी नाहीत, जेल मात्र घरी. आमच्या वाड्याचीच ही आफ्रिकेतली आवृत्ती!

‘हे आपल्याकडचं नाही’ असं कुणाला वाटत असेल तर पुण्याचंच सांगते. कोविडच्या काळात टीव्हीवर दिसायचे ते डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते ९६ मध्ये पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास केला होता. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ जणींपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या, आणि या ३९१ जणींत नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध न आलेल्याच बहुतेक. अशा बाईने नवऱ्याला ‘निरोध वापरा’ म्हणायचं कसं? शिवाय तिला मूल हवंय, सासरच्यांना तर त्याहून जास्त हवंय. म्हणून गर्भ रोखणार नाही पण विषाणू रोखेल असं, तिच्या हातातलं काहीतरी हवं होतं. भोसरीच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेमार्फत पुण्यातल्या बायकांनीही टेनोफोविर जेल वापरून पाहिलंय. ती सुरक्षिततेची चाचणी होती.

आता जेल म्हणजे काय ते बघा. एका वेळी चार मिलिलिटर, म्हणजे चहाचा पाऊण-एक चमचा. ते आत गेलं की थोडं बाहेर येणारच. आफ्रिकेत काहींना तो ओलेपणा आवडला, काहींना नकोसा झाला. पण आपल्याकडे ‘अंगावरून जाणं’ म्हणजे अशक्तपणा, हाडं झिजणं, काहीतरी बिनसलेलं असणं. लहानपणापासून हे ऐकलेल्या बाईला तुम्ही मुद्दाम रोज अंगावरून घालवायचं औषध देणार? ती दुसऱ्याच दिवशी थांबणार. आणि जेल आत सोडायची ती रिकामी कांडी टाकायची कुठे? पॅड टाकायला सोय नाही तिथे कांडीचं काय घेऊन बसलात.

म्हणून मला डॅपिव्हिरिनची रिंग जास्त शहाणी वाटते. योनीत ठेवायची सिलिकॉनची लवचीक रिंग, तिच्यात हे एचआयव्हीविरोधी औषध २५ मिलिग्रॅम, आपली आपण घालायची आणि महिनाभर विसरायची. २०१६ च्या दोन मोठ्या चाचण्यांत लागण २७ आणि ३१ टक्क्यांनी कमी झाली. आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत, निरोधाची जागा तिने घेतलेली नाही. तरी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. तिचीही भीती वाटलीच. वर सरकून हरवेल, त्याला टोचेल. (तांबी काळजापर्यंत चढते, हे मी स्वतः एका शिकलेल्या बाईच्या तोंडून ऐकलंय.) ती वर जाऊच शकत नाही, तिकडे गर्भाशयाचं तोंड आहे आणि त्यातून रिंग आत शिरणं अशक्य. पण हे चित्र काढून सांगायला कुणीतरी दहा मिनिटं बसावं लागतं.

त्या चाचण्यांत विशीच्या आसपासच्या मुलींना फारसा फायदा दिसला नव्हता, कारण त्यांचा वापरच कमी. पुढे ‘रीच’ अभ्यासात १६ ते २१ वर्षांच्या मुलींना सहा महिने रिंग, सहा महिने गोळ्या दिल्या आणि मग म्हटलं, तुम्हीच निवडा. सुमारे दोन तृतीयांश जणींनी रिंग घेतली. याच वयाच्या मुली ‘बेजबाबदार’ ठरल्या होत्या!

आता एचआयव्ही टाळायला वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शन आलंय. ते दिलेल्या २,१३४ आफ्रिकी बायका-मुलींमध्ये एकीलाही लागण झाली नाही. मग रिंग-जेलचा खटाटोप कशाला, असं विचारणारे असतील. मला मात्र नको वाटलं तर स्वतःच्या हाताने काढून टाकता येईल असंही काहीतरी हातात असावंसं वाटतं. इंजेक्शन एकदा गेलं की गेलं.

माझी खाज दोन महिन्यांनी परत आली. यावेळी दुसऱ्या डॉक्टरांनी एकच मोठी गोळी दिली, एका रात्रीची. ती मात्र ठेवली. लेक त्या रात्री मावशीकडे झोपायला गेली होती.