जर्नल तपासायचंय ना? मग रिव्ह्यूअरनं काय विचारलं ते बघा

आज सकाळी एका समितीचा गूगल फॉर्म आला. आपल्याकडून निघणाऱ्या, वृद्धांवरच्या संशोधनाला वाहिलेल्या एका जर्नलचं मूल्यमापन चाललंय, आणि मी तिथे बरीच वर्षं रिव्ह्यूअर आहे, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासते, म्हणून माझंही मत हवंय. उघडला फॉर्म. स्कोपसमध्ये, म्हणजे जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत, आहे का? इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांचा इतर लोक सरासरी किती वेळा संदर्भ देतात तो आकडा, किती? पेपरांना डीओआय, म्हणजे ऑनलाइन ओळख क्रमांक, आहे का? संपादक मंडळावर परदेशी सदस्य किती? अंक वेळेवर निघतात का? झालं, सबमिट. आत काय छापतात याबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून इथे लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी एका पीएचडीच्या मुलीबरोबर बीड जिल्ह्यातल्या एका गावात गेले होते. दिवाळी नुकतीच सरलेली. निम्म्या घरांना कुलपं. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर गेलेल्या, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मागे उरलेली म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. एका आजींसमोर आम्ही प्रश्नावली घेऊन बसलो. पहिलाच रकाना वयाचा. आजी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जायचे, तवा थोरला पोटात होता. आता तुमीच मोजा, बाई." आधारवर तारीख १ जानेवारी. त्या पिढीत गावंच्या गावं १ जानेवारीला जन्मलीत!

त्या मुलीनं पहिल्या खर्ड्यात हे सगळं लिहिलं होतं. वय कसं ठरवलं, कशावरून मोजलं, मुलाखती कोणत्या महिन्यात झाल्या, तेव्हा गावात कोण होतं. पेपर याच जर्नलकडे गेला. रिव्ह्यू आला: हा मजकूर किस्सेवजा आहे, काढावा, त्याऐवजी अलीकडचे आंतरराष्ट्रीय संदर्भ घालावेत. तिनं काढला. बिचारी करणार काय, तिला डिग्री हवी होती. छापून आलं ते सरासरी वय, दशांशचिन्हापुढे दोन आकडे घेऊन. ज्या बाईचं वय दुष्काळावरून मोजलं तिच्या वयाला दोन दशांश! आपल्या जनगणनेत ६०, ६५, ७० या वयांवर माणसांचे ढीग का दिसतात (नक्की वय माहीत नसलं की माणूस असा गोल आकडा सांगतो), हे त्या रिव्ह्यूअरला कुणी सांगायचं?

आणि महिना. एकटेपणाच्या प्रश्नांना आजींनी दिवाळीनंतर जी उत्तरं दिली, तीच त्यांनी टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यात दिली असती का? तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसते. कदाचित तेव्हा त्यांना जास्तच एकटं वाटत असेल, मला काय माहीत. पण महिनाच कापून टाकल्यावर कुणालाच कधी कळणार नाही.

प्रादेशिक जर्नल कशासाठी असतं हो? मोठी पाहणी करायला मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था आहे. 'लासी' या वाढत्या वयाच्या लोकांच्या पाहणीच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, त्यांनी देशभरातले ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त लोकांना गाठलं. ते आपल्याला जमणार नाही आणि जमवायचंही नाही. आपल्याला जमण्यासारखं एकच होतं: पेपर अशा माणसाच्या हातात देणं, ज्याला ऊसतोड कधी सुरू होते हे ठाऊक आहे. बोस्टनमधल्या प्राध्यापकाला ते विचारायचं सुचणार नाही, त्यात त्याचा दोष नाही. आपल्या माणसाला ते ठाऊक असून त्यानं ते कापावं, याचा मला संताप येतो.

मग छापलं काय जातं? वृद्धाश्रमातले तीस, घरातले तीस, जीवनसमाधानाची चाचणी, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी), फरक लक्षणीय, समाप्त. हा पेपर मी इतक्या वेळा तपासलाय की आता फक्त जिल्ह्याचं नाव बघते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक देशात ८.६ टक्के, आपल्या राज्यात ९.९ टक्के, त्यातले वृद्धाश्रमात किती, आणि आपलं अर्धं संशोधन तिथेच का मुक्काम ठोकून? कारण तिथे तीस म्हातारी एका दुपारी, एका व्हरांड्यात सापडतात.

बरं, मान्य. इंडेक्समध्ये नसेल तर चांगला पेपरही कुणाला सापडत नाही. आणि २०२५ मध्ये यूजीसीनं केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, गुंडाळल्यापासून पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांना रान मोकळं झालंय, तेव्हा काहीतरी चाळणी हवीच. पण परदेशी सदस्य मोजणं ही चाळणी नव्हे. त्यातल्या निम्म्यांना आपण मंडळावर आहोत हे तरी माहीत असेल का, देव जाणे.

मला विचाराल तर गेल्या काही अंकांचे रिव्ह्यू काढा, नावं झाका आणि वाचा. रिव्ह्यूअरनं काय विचारलं? मुलाखत कुठे झाली, कुठल्या महिन्यात, सून शेजारी बसली होती का, वय कशावरून लिहिलं? की नुसतं 'इंग्रजी सुधारा'? एवढ्यानं जर्नल कुठल्या लायकीचं आहे ते कळेल. पुढे जाऊन ते रिव्ह्यू पेपरसोबत छापा, हवं तर निनावी. आणि प्रत्येक पेपरचं एक पान मराठीत लिहून घ्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांकडे पाठवा. आमच्या इथल्या संघाचे सचिव बँकेतून निवृत्त झालेत, आकडेवारीत त्यांना गंडवणं सोपं नाही.

संपादकांवर चिडून तरी काय करू म्हणा. मानधन नाही, मदतीला माणूस नाही, अंक निघतो तो त्यांच्या रविवारांवर. रिव्ह्यूअर मिळवण्यासाठी ते अक्षरशः पाया पडतात, मी पाहिलंय. महिनोन्‌महिने कुणी उत्तर देत नाही, मग जो 'हो' म्हणेल त्याच्याकडे पेपर जातो. आणि रिव्ह्यूचं काम प्रमोशनच्या वेळी कुणी विचारातही घेत नाही. पेपर छापला की गुण, दुसऱ्याचा पेपर नीट वाचला की शून्य. समितीनं यावर एक ओळ लिहिली तरी फॉर्म भरल्याचं सार्थक होईल.

उठताना आजींनी आम्हाला हात दाखवले होते. कोयता धरून धरून बोटांवरच्या रेघा गेलेल्या. "पगाराला गेलं की अंगठा उठत नाही, मशीन नाय म्हनती." निराधारांच्या पैशाला तिकडे पगारच म्हणतात. प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून पेपरातही आलं नाही. यावर कुणी काम केलं असेल तर मला पाठवा, छापलेलं नसलं तरी चालेल.

आणि बीड, परभणी, जालना, नंदुरबार, कोकण इकडची जी मंडळी कॉलेजात शिकवतात किंवा गावात आरोग्याचं काम करतात, त्यांनी रिव्ह्यूअर म्हणून नाव द्यायची तयारी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. पीएचडी नसली तरी कळवा, संपादकांशी मी भांडेन. पैसे मिळणार नाहीत, आधीच सांगते.