टायरला ताप येतो का?

काल संध्याकाळपासून आमच्या इमारतीत मी 'हात पिरगाळणारा माणूस' म्हणून ओळखला जातो. आज सकाळी जिन्यात समोरून येणाऱ्या बाईंनी आपल्या मुलाला माझ्या बाजूने काढून भिंतीच्या बाजूला घेतलं. आता एकेकाच्या दारात जाऊन खुलासा करत फिरायचं वय राहिलं नाही, म्हणून लिहूनच काढतो.

गाडी नवी आहे. कामावरून आलो, जागेवर लावली, उतरलो, तर समोर दुसऱ्या मजल्यावरचे काका. काकांकडे गाडी नाही, कधी नव्हती, आणि म्हणूनच गाड्यांविषयीची त्यांची मतं कुठल्याही अनुभवाने डागाळलेली नाहीत. त्यांनी "हं" केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पुढच्या टायरला सणसणीत लाथ घातली.

"हवा कमी आहे."

"सकाळीच मोजली काका. 33 होती. तेवढीच हवी."

"मोजून काय कळतं? पायाला कळतं."

"आणि आत्ता तर तीनेक जास्तच असेल. गाडी चालून आलीय, टायर गरम आहेत. हवा थंड टायरची मोजायची असते."

काकांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "टायरला ताप येतो का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? येतो! टायर रस्त्यावर फिरताना दबतो, सुटतो, दबतो, सुटतो, त्याने तापतो, आतली हवा तापते आणि दाब वाढतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर दाबाचा आकडा असतो, आणि तो गाडी तीन-चार तास एका जागी उभी असताना मोजायचा असतो. गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून कुणी हुशारीने 'जादा' हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर खरोखर कमी भरतो. आणि टायरच्या अंगावर जो दाबाचा आकडा कोरलेला असतो तो टायरच्या सहनशक्तीची हद्द सांगतो. आपल्या गाडीला किती हवा हवी, हे टायर बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? तो टायर कुठल्याही गाडीला लागेल. मी हे सगळं काकांना नीट, पायरीपायरीने समजावून सांगितलं. त्यांनी तेवढ्या वेळात मागच्या टायरला लाथ घातली.

"हाही कमी."

मग ते बॉनेटकडे वळले. मधलं बोट वाकवून टकटक केली, कान देऊन ऐकलं, पुन्हा टकटक केली. आत कुणी आहे का, असं विचारतात की काय, असं मला वाटून गेलं.

"पत्रा पातळ."

"पातळच असतो काका. पुढचा भाग मुद्दाम चेपला जाईल असाच करतात. धडकेचा जोर चेपण्यात खर्ची पडतो, आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. बेला बरेनी नावाच्या इंजिनिअरने 1950 च्या दशकात ही कल्पना मर्सिडीज-बेंझसाठी काढली. मजबूत काय असतं, तर माणसं बसतात तो पिंजरा. खांब, छताची कड, दारातले आडवे बार. ते टकटक करून ऐकू येत नाहीत."

"आमच्या वेळच्या गाड्या भिंतीवर आदळल्या तर भिंत पडायची."

"आणि आतला माणूस?"

"माणसंही तशीच होती."

या वाक्यावर बोलणं संपायला हरकत नव्हती. पण काका म्हणाले, "बॉनेट उघडा." उघडलं. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायला मला घरी कुणी शिकवलेलं नाही. आत बघून काका दोन पावलं मागे सरकले. "इंजिन कुठाय?" हल्ली इंजिनावर काळ्या प्लास्टिकचं मोठं झाकण असतं. ते आवाज थोडा कमी करतं आणि दिसायला बरं असतं, बाकी त्याचं फारसं काम नाही. काका म्हणाले, "झाकलंय म्हणजे काहीतरी लपवलंय." मग त्यांनी विचारण्याच्या भानगडीत न पडता ऑइलची पट्टी उपसली, डोळ्यांसमोर धरली आणि जाहीर केलं, "तेल आहे, पण वर चढलेलं नाही." पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मधे असायला हवं, काठोकाठ नको. जास्त झालेलं तेलही इंजिनाला बाधतं. शिवाय गाडी बंद केल्या केल्या मोजण्यात अर्थ नाही, तेल खाली उतरून बसायला काही मिनिटं द्यावी लागतात. यातलं काहीही बोलायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांचा हात कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीच्या झाकणावर गेला.

हे झाकण जरा जवळून पाहण्यासारखं असतं. काळं, तळहाताएवढं, वर कडेकडेने खाचा. मधोमध पिवळ्या रंगात एक उघडा पंजा आणि त्याच्यावर वाफेच्या वाकड्या रेघा. अक्षरओळख नसलेल्यालाही समजावं म्हणून काढलेलं चित्र. आत पाणी आणि कूलंट दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवून दाब काढून घेतला की क्षणात उकळतं आणि फवारा थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो. गाडी जेमतेम पाच मिनिटांपूर्वी थांबलेली. काकांनी झाकण पकडलं, जोर लावला, आणि मी त्यांचं मनगट धरून बाजूला केलं.

धरलं. पिरगाळलं नाही.

"आम्ही काय लहान आहोत?" असं म्हणून काका मनगट चोळत निघून गेले. रात्रीच्या जेवणापर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती आणि प्रत्येक मजल्यागणिक माझी ताकद वाढत गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आवृत्तीत काकांचा हात गळ्यात बांधला होता म्हणे. भाजलेल्या तोंडाला निदान पुरावा असतो. न भाजलेल्या तोंडाला पुरावा कुठून आणायचा?

याच काकांनी मागच्या आठवड्यात माझ्यावर एक उपकार केला होता, तोही सांगून टाकतो. बॉनेटवर पक्ष्याची विष्ठा पडली होती. ती लवकर काढावी हे खरं. आम्लधर्मी असते, उन्हात वाळली की रंगावरच्या पारदर्शक थराला खाते. पण काढायची कशी? ओलं फडकं थोडा वेळ वर ठेवायचं, भिजू द्यायची, मग अलगद उचलायची. काकांनी खिशातला रुमाल काढला, कोरडा, आणि खसाखसा घासली. जिथे निघेना तिथे नख लावलं. नंतर आलीच आहे हातासरशी तर म्हणून बाकीची धूळही त्याच रुमालाने पुसली. धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरडी पुसली की ती रंगावर गोल गोल ओरखडे काढत जाते. ते सावलीत दिसत नाहीत, ऊन तिरपं पडलं की सगळेच्या सगळे उठून दिसतात. काका म्हणाले, "केली स्वच्छ." आणि मी म्हणालो, "थँक्यू काका." दुसरं काय म्हणणार? ओरखडे घालून घेऊन वर आभार मानायचे, ही नव्या गाडीच्या मालकाची कामगिरी.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. मी गाडीची माहितीपुस्तिका वाचतो, आणि हे घरीदारी सगळ्यांना हास्यास्पद वाटतं. पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात असते, आणि बहुतेक गाड्या विकल्या जातात तेव्हाही ती कोरी करकरीत निघते. माझ्या पुस्तिकेची पानं मात्र कोपऱ्यांत दुमडलेली आहेत. त्यातूनच कळलं की इंधनाच्या काट्याजवळचा बारीकसा त्रिकोण टाकीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो. किल्लीचा सेल मेला तर रिमोटच्या पोटातून एक साधी लोखंडी किल्ली निघते. पहिले हजारेक किलोमीटर गाडी फार रेटायची नाही, एकाच वेगाने तासन्‌तास हाकायची नाही. हे नुसतं इंजिनासाठी नसतं. नव्या टायरची पकड सुरुवातीला थोडी कमी असते, नवे ब्रेकपॅडही बसायला वेळ घेतात, तेव्हा पुढच्या गाडीपासून जरा लांबच राहिलेलं बरं. ऑफिसातल्या एका अनुभवी गृहस्थांचा सल्ला नेमका उलटा होता: "पहिल्याच दिवशी पिळून घ्यायची, म्हणजे इंजिन मोकळं होतं." त्यांचं इंजिन कधी मोकळं झालं होतं, ते मी विचारलं नाही.

दिव्यांचंही तसंच. लाल दिवा म्हणजे थांब, केशरी म्हणजे लवकर बघ, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. इतकं सोपं. तेलाच्या कुपीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर सुरक्षित जागा बघून इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, 'घर जवळच आहे' म्हणायचं नाही. टायरच्या हवेचा दिवा केशरी असतो आणि चित्र म्हणाल तर उभं कापलेलं मडकं, आत उद्गारचिन्ह. तो पहिल्यांदा लागला तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "काही नाही, नव्या गाडीत लागतोच." मग त्यावर त्याने स्टिअरिंगमागे हात घालून आपल्या मोबाइलची वायर आडवी लावली, म्हणजे दिवा दिसायला नको. त्या टायरात खिळा निघाला.

आवाजांविषयी मात्र माझीही तक्रार आहे. ही गाडी सतत बोलते. दार नीट लागलं नाही तर टिंग, मागे काही आलं तर टुंटुंटुं, शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तर 'प्रवाशाने बेल्ट लावलेला नाही' म्हणून ठणाणा. सीटला वजन कळतं, वजन कुणाचं ते कळत नाही. आता मी पिशवीला बेल्ट लावतो. माझ्या गाडीत विनातक्रार बेल्ट लावून बसणारी ती एकटीच.

कारण बायकोचे मामा. मामा पुढेच बसतात, आणि नातवाला मांडीवर घेऊन बसतात.

"मामा, त्याला मागे त्याच्या सीटमध्ये बसवू या."

"रडतो तिथे."

"पुढे एअरबॅग आहे."

"मग चांगलंच की! उशी मिळेल."

ती उशी नसते हो. पापणी लवायच्या आत फुगून बाहेर येते, मोठ्या माणसाच्या छातीचा हिशोब करून. त्याच्याही छातीपासून ती वीतभर तरी लांब हवी. मधे मूल असेल तर काय होईल ते मला मामांना सांगवेना, आणि इथे लिहवतही नाही. लहान मुलाची उलट तोंडाची सीट पुढे चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही, असं सूर्यपडदीवर चित्र काढून, लाल काट मारून छापलेलं असतं. मामा नेमकी तीच पडदी खाली ओढून तिच्यातल्या आरशात केस सारखे करतात.

नातू शेवटी मागे गेला. मग मामांनी स्वतःचा बेल्ट ओढला, पाठीमागून घेतला आणि खटकीत अडकवला. ठणाणा थांबला. माझ्याकडे बघून मिश्कील हसले. याला ते युक्ती म्हणतात. निल्स बोलिन या व्होल्वोच्या इंजिनिअरने 1959 मध्ये आजचा तीन टोकांचा बेल्ट आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट बाकीच्या सगळ्या कंपन्यांना वापरू दिलं. ते फुकट द्यायला नको होतं, असं मला मामांकडे बघून वाटतं. दर वेळी अडकवायचे पैसे पडले असते तर मामांनी चढताना एक आणि उतरताना एक, असे दोन लावले असते.

"आणि ब्रेक टपटप मारत जा," मामा म्हणाले. "एकदम दाबलास तर घसरेल."

"एबीएस आहे मामा, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. तो स्वतःच टपटप करतो, आपल्या पायापेक्षा कितीतरी वेगाने. वेळ आली तर आपण पूर्ण दाबायचा आणि दाबून धरायचा. पायाखाली थरथर लागते, तेव्हा घाबरून पाय उचलायचा नाही."

"थरथरतो म्हणजे बिघाड आहे. दाखवून घे."

बेल्ट अजून पाठीमागेच होता. मी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसलो. मामा डॅशबोर्डकडे बघत बसले. मागून नातवाने दोनदा विचारलं की गाडी का जात नाही. काचा तापायला लागल्या. शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, लावा ना एकदाचा, मला घाम फुटलाय." मामांनी बेल्ट पुढून लावला आणि परत येईपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर मात्र बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "जावई चांगला आहे, पण फार भित्रा."

परवा त्यांचा फोन आला होता. रविवारी डोळे तपासायला जायचंय, गाडी घेऊन ये म्हणाले. पुढेच बसणार, हेही आधीच सांगून ठेवलं आहे.