कोरम नाही म्हणे!

आज गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात वनहक्काची ग्रामसभा परत तहकूब झाली. कारण तेच, कोरम नाही, म्हणजे सभेला लागतात तेवढी माणसं नाहीत. ऐन काजूच्या हंगामात सकाळी दहाची वेळ दिली, तर माणूस बागायतीत बोंडू वेचेल की पंचायतीच्या हॉलात येऊन बसेल?

मागच्या खुर्चीवर एक आजी होती. बोटं बियांच्या डिकाने काळी पडलेली. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. "आजी, घरी जा, तारीख कळवू," एवढं ऐकून ती उठली.

जंगलात राहणाऱ्यांना त्यांच्या जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा. इथले गावडा, कुणबी, वेळीप हे समाज 2003 पासून अनुसूचित जमातीत. तरी दावे पडून, कारण साध्या गोष्टी कोणी नीट करत नाही. निम्मे सदस्य लागतात, त्यांत एक तृतीयांश बायका. पण हा हिशेब अख्ख्या पंचायतीचा का धरता? सभा वाड्यावर, म्हणजे वस्तीवर घ्या, असं केंद्राच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. संध्याकाळी देवळाच्या मंडपात बोलवा, अर्ध्या तासात कोरम भरेल.

पुढे जागेच्या पाहणीला वनखात्याचा माणूस येत नाही आणि मागाहून हरकत घेतो. म्हणून दावे तपासणाऱ्या गावच्या वनहक्क समितीने नोटीस लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी. गैरहजर राहून हरकत घेतली तर फेरपाहणी होते. तिलाही खातं आलं नाही, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हे किती समित्यांना माहीत आहे?

उपग्रहाच्या नकाशात बाग दिसत नाही म्हणून दावा फेटाळणं तर सरळ सरळ नियमाविरुद्ध आहे. नकाशा पुरावे बदलू शकत नाही. जुना बांध, घराचा चौथरा, दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, हेही पुरावेच. फक्त एकाहून जास्त हवेत. त्या आजीच्या पिशवीत कागद होते, जबाब नव्हता. वाड्यावरचं जुनं माणूस हयात आहे तोवर लिहून घ्या हो!

धनगरांचे हाल तर विचारूच नका. ते अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून त्यांना 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कुरणामागे फिरणाऱ्याकडे तेवढे जुने कागद कुठले?

इथल्या म्हादई अभयारण्यात वाघ राहिलाच पाहिजे, आणि काहींनी दाव्याच्या नावाखाली नवी जमीनही साफ केली, तेही खरं. पण 24 जुलै 2023 च्या ज्या निकालात उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, त्यातच लोकांचे हक्क 12 महिन्यांत निकाली काढायलाही सांगितलं होतं. ते वाक्य कोणी वाचत नाही. 2022 मध्ये मॉन्ट्रियलच्या जैवविविधता परिषदेत जगाने 30 टक्के जमीन राखायचं ठरवलं, आणि तिथेही मूळ रहिवाशांचे हक्क मान्य केलेत. जंगल राखणारे कोण, हे जगाला कळतं, आपल्या हॉलात कळत नाही.

आजीला आज कोणी तरी सांगितलं, "दावा मुलाच्या नावावर घाल." का म्हणून? जोडप्याला हक्कपत्र दोघांच्या नावे मिळतं, आणि एकट्या बाईला तिच्या स्वतःच्या नावे. बाये, अर्ज तुझ्याच नावाचा राहू दे.

पंचायतीत ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी एवढं करा. पुढची तारीख हंगाम आटोपल्यावरची घ्या, वाड्यावर, संध्याकाळी. आणि ज्यांचा दावा फेटाळलाय त्यांनी कारण लेखी मागा. अपिलाला 60 दिवस असतात.