पुलाच्या पाण्याखालच्या पायाला काही होत नाही, हे कुणी ठरवलं?

आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज असा: 'इंग्रजांच्या पुलांचे पाये पाण्यात आहेत म्हणूनच टिकले. वर तडा नाही, पूर ओसरल्यावर खांब जागेवर आहेत, म्हणजे पूल ठणठणीत. लागलंच तर खाली सिमेंट ओतायचं.' आत्याचा नातू रोज खाडीपुलावरून कॉलेजला जातो. तिच्यापर्यंत हे असलं काही पोचतं याचाच संताप येतो.

पहिली गोष्ट अर्धी खरी, तेवढी मान्य. कायम बुडालेल्या लोखंडाला प्राणवायू कमी मिळतो, गंज सावकाश चढतो. पण खाडीत भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काँक्रीट रोज भिजतं, रोज वाळतं. क्षार आत मुरतात, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. खांबाला चिकटलेली कालवं (शिंपले) खरवडल्याशिवाय तडा दिसतसुद्धा नाही.

'पूर ओसरला, खांब जागेवर' हे मात्र जीवघेणं आहे. पुराचं पाणी खांबावर आदळून खाली वळतं आणि पायाभोवतीची वाळू उपसत जातं. पूर उतरताना वाहून आलेला गाळ तोच खड्डा पुन्हा भरतो. वरून पात्र जसंच्या तसं! ही भर भुसभुशीत असते, पुढच्या पुरात आधी तीच निघते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीकवरचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी पाया उघडा पडून कोसळला, दहा माणसं गेली. पायाभोवतीच्या संरक्षक दगडांची निगा राखली नाही, असा स्पष्ट ठपका तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पूल सांभाळणाऱ्यांवर ठेवला. त्यानंतर तिथे पुलांची पाण्याखालची तपासणी जास्तीत जास्त 60 महिन्यांनी करणं सक्तीचं झालं.

आणि इंग्रजांचं कौतुक करणाऱ्यांनी महाड आठवावं. सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट घेऊन. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाहणी होऊन तो सुरक्षित ठरला होता.

सिमेंटचं थोडक्यात: वाहत्या पाण्यात नुसतं ओतलेलं काँक्रीट धुपतं, तळाशी खडी तेवढी उरते. ट्रेमी पाइपचं, म्हणजे काँक्रीट वरून थेट तळापर्यंत नेणाऱ्या उभ्या नळीचं, तोंड ताज्या काँक्रीटमध्ये सतत बुडवून ठेवतच ते भरावं लागतं.

मेसेज पुढे पाठवण्याऐवजी पूल ज्या विभागाकडे आहे तिथे माहिती अधिकारात अर्ज करा. पाणबुड्या शेवटचा केव्हा उतरला आणि खांबांपाशी तळाची खोली मोजल्यावर किती आली, ते लेखी मागा.