खुलासा: पंतप्रधान एकट्याने आणीबाणी लावू शकत नाहीत

‘पंतप्रधानांनी मनात आणलं तर राष्ट्रपतींची सही घेऊन रातोरात आणीबाणी लावता येते’ असा मेसेज फिरतो आहे. आज हे चूक आहे.

१९७५ मध्ये मात्र तसं घडलं होतं. २५ जूनच्या रात्री इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे निर्णय होऊन गेल्यावर! संसदीय पद्धतीत याहून गंभीर गोष्ट नाही, कारण लोकसभेला जबाबदार असतं ते सबंध मंत्रिमंडळ.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही वाट बंद केली. कलम ३५२ नुसार आता पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाच्या मंत्र्यांचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावाच लागतो. त्याशिवाय घोषणा होत नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारणही गेलं, त्याजागी ‘सशस्त्र बंड’ आलं. महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने (एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश) मंजुरी लागते. शिवाय लोकसभा साध्या बहुमताने आणीबाणी उठवायला लावू शकते, आणि त्यासाठी खास बैठक मागायला एक दशांश सदस्य पुरतात.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.