दुकानाला कॅमेरे लावताय? मग एवढं कराच!

दुकानात कॅमेरे लावायचं ठरवलं ना भाऊ, झकास! आता कशासाठी लावायचे, हा विचार मनाला शिवू देऊ नका. शेजारच्याने आठ लावले की आपण सोळा लावायचे, झाला हिशोब. आपल्या नागपुरात गांधीबागेपासून सीताबर्डीपर्यंत हाच नियम आहे. फिटिंगवाला येऊन "गल्ला दिसला पाहिजे की दारातून येणाऱ्याचा चेहरा?" असं विचारू लागला, तर समजा गडी धंद्यात नवा आहे. त्याला चहा पाजून वाटेला लावा. मुरलेला फिटिंगवाला दुकानात पाऊल न ठेवता फोनवरच रेट सांगतो, "सगळं मिळून". त्या सगळ्यात हार्ड डिस्क नसते, हे तो डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, झाकण उघडल्यावर सांगतो.

लेन्स २.८ एमएमचीच घ्या. तिच्यात अख्खं दुकान येतं, वर समोरची पानटपरीही फुकटात येते. आता काही हिशोबी लोक सांगतील, की दोन मेगापिक्सलच्या चित्राची रुंदी १९२० ठिपक्यांची, आणि अनोळखी माणूस ओळखू यायचा तर मीटरमागे अडीचशे ठिपके लागतात. म्हणजे चित्रात पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदी घेऊन चालत नाही, आणि ह्या लेन्समध्ये तेवढी रुंदी तीनेक मीटरवरच भरते. त्यापलीकडचा माणूस, माणूस आहे एवढंच कळतं. असल्यांचं ऐकू नका. उलट कॅमेरा बारा फुटांवर छतालाच ठोका. चोराची टाळू अगदी स्वच्छ येते. एक कॅमेरा शटरकडे तोंड करूनही असू द्या. बाहेरच्या उन्हापुढे आत येणारा प्रत्येक जण काळा ठिपका दिसतो. ह्यावर डब्ल्यूडीआर नावाचा, ऊन आणि सावली दोन्ही सांभाळून घेणारा उपाय आहे म्हणतात, पण त्याचे पैसे पडतात.

आणि तसंही, नागपुरात मे महिन्यात चेहरा दिसतो कुणाचा? पारा ४५ वर गेला की गिऱ्हाईक, वसुलीवाला, चोर आणि तुमची सख्खी वहिनी, सगळे डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळूनच येतात. बाहेरचा कॅमेरा टिनाच्या पत्र्याखाली लावा. डब्यावर किती तापमान सोसतो ते छापलेलं असतं, पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पत्र्याखाली काय भाजून निघतं ते डबा छापणाऱ्याला काय ठाऊक?

डीव्हीआरची जागा मात्र मुहूर्त पाहिल्यासारखी निवडा. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे काउंटरवर, लक्ष्मीच्या फोटोशेजारी. उदबत्तीची राख जाळीतून आत जाते, मागून कूलरची ओली हवा लागते, आणि चोराला शोधाशोध करावी लागत नाही. गल्ल्यासोबत तो डीव्हीआरही काखोटीला मारतो. आतल्या खोलीत कुलूपबंद पेटीत ठेवला, तर बिचाऱ्याला सगळं रेकॉर्डिंग मागे सोडून जावं लागेल. यूपीएस लावायचाच असेल तर टीव्हीला लावा. लाइट गेल्यावर सोळा चौकोन काळे दिसले तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

पासवर्ड फिटिंगवाल्याने ठेवला तोच राहू द्या. त्याने शहरभर एकच ठेवलाय, लक्षात ठेवायला सोपा. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. आपल्या इतवारीच्या डब्याने एवढं नाव काढलं तर वाईट काय आहे? ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेची सरकारी तपासणी पास झालेलेच कॅमेरे विकायचे, असाही नियम आला आहे. म्हणून प्रमाणपत्र विचारून दुकानदाराला अवघडवू नका, आणि बिल तर मागूच नका. जीएसटी वाचतो.

साठवणुकीचं गणित शुभ आहे. सोळा सोडा, चारच कॅमेरे धरा, दोन मेगापिक्सल, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट. एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी होतात, म्हणजे एक टीबीची डिस्क पाच-सहा दिवसांत भरून जुन्यावर नवं लिहू लागते. आपण माल मोजतो महिनाअखेरीला. मालाचा गठ्ठा पाच तारखेला चोरीला गेला आणि तीस तारखेला कळलं, की मन कसं शांत राहतं, पाहण्यासारखं काही उरलेलंच नसतं. एच.२६५, म्हणजे व्हिडिओ कमी जागेत दाबून बसवायची पद्धत, चालू केलं तर जवळपास दुप्पट दिवस राहतील, पण ते सेटिंग हात लावल्यावाचून तसंच ठेवा. तारीखही तपासू नका. आतल्या घड्याळाचा सेल संपला की डीव्हीआर २००० सालात जाऊन बसतो. तेव्हाचे भाव आठवून बरं वाटतं.

एवढं करूनही फुटेज सापडलंच, तर घाबरू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात असल्या नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलीत फेरफार झाला की बदलणारा आकडा, तिचा अंगठाच म्हणा) आणि एका तज्ज्ञाची सही. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तज्ज्ञ म्हणून तुम्ही फिटिंगवाल्याला फोन लावाल, आणि तो नंबर बंद असेल. तेव्हा फाइल काढण्याच्या भानगडीत न पडता टीव्हीच्या स्क्रीनचाच मोबाईलने व्हिडिओ काढा. हात थोडा हलू द्या, काचेत ट्यूबलाइट दिसू द्या, मागून पोराचा आवाज येऊ द्या, "काऊन बाबा, हा तर आपलाच गडी दिसून राहिला!" मग तो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाका: "ह्या इसमास ओळखत असल्यास कळवावे."

दोन मिनिटांत पहिलं उत्तर येईल: "कॅमेरे कुठून लावले जी? रेट काय पडला?"